पुढे न जाणारा दुपट्टा

शालिककाका माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कपड्याशी बोलतात. पाहुणा दारात चपला काढत असतो, तोवर काकांनी त्याच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळलेलं असतं. मग निकाल लागतो. "आठ धुन्याचा माल हाय. नवव्याले फाटते."

पवनीत आमच्या भिंतीला लागून घर असलेले हे म्हातारे विणकर. सगळ्या जगाला त्यांचं हेच माप. नवा नगरसेवक दोन धुण्यांचा, समोरच्यांचा जावई एकाच धुण्याचा. माझी इंग्रजी शाळा तेवढी त्यांनी 'जन्मभराचा माल' ठरवली होती.

भंडाऱ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हा प्रत्येकाला धंद्याची एक कल्पना निवडून पाहुण्यांसमोर इंग्रजीत मांडायची होती. मी अंगणात वही घेऊन बसले होते. भिंतीवरून काकांचं डोकं आलं.

"काय करून राहिली व?"

"धंदा शोधतेय, काका."

"बाप्पा! सुरू कराच्या आधीच हरवला काय?"

मी घरगुती डबे पोचवणाऱ्या अ‍ॅपबद्दल सांगितलं. "एक धुनं," ते म्हणाले. भाड्याने पुस्तकं? "पान्यात टाकाचंच काम नाही."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःची कल्पना घेऊन आले. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना दुपट्टा-टोपी देतात. तो दुपट्टा घडीसकट पेटीत जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. काकांनी स्वतः विणलेला एक दुपट्टा असाच फिरत फिरत काही वर्षांनी त्यांच्याच गळ्यात येऊन पडला होता. टोक चोळताच त्यांनी ओळखला.

"काठात मानसाचं नाव विनाचं," ते म्हणाले. "मंग पाहू कोन पुढे ढकलते! ठेवाच लागन."

मी "बघू" म्हटलं. म्हणजे नाही. पण वर्गात आणखी तिघांचं डब्याचंच अ‍ॅप निघालं, आणि घाबरून मी सरांना दुपट्ट्याची कल्पना सांगितली. सर खूश झाले. "तुझी स्वतःची?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

काकांना एवढंच सांगितलं की मी दुपट्ट्यावर बोलणार आहे. तारीखही सांगितली. ते येतील असं मनातही आलं नाही.

मी बोलत असताना ते वर्गाच्या दारात उभे राहिले. स्वच्छ धोतर, हातात वर्तमानपत्राची पुडी. "नमुना आनला," ते म्हणाले. सरांनी कौतुकाने पुडी सोडली आणि दुपट्टा दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर धरला.

लाल काठात चार इंग्रजी अक्षरं होती, एकेक धागा मोजून बसवलेली. एन, ए, एम, ई.

काकांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी आईकडून माझं जुनं ओळखपत्र नेलं होतं. माझं नाव नेहा. तेही इंग्रजीत चारच अक्षरांचं, तेही एनपासून सुरू होणारं. कार्डावर त्याच्या आधी 'नेम' छापलेलं होतं, तेच त्यांनी उतरवलं.

वर्ग हसला. मीही हसले, थोडंसं, सगळ्यांना दिसेल इतकं.

एका पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण? तुझ्या घरचे?"

"नो सर," मी म्हटलं. "लोकल आर्टिझन."

काकांना वाटलं त्यांची ओळख करून दिली. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. "काहून हासले व ते पोट्टे?"

"काका, तिथे नेहा नाही लिहिलेलं. 'नाव' असं लिहिलंय. नुसतं 'नाव'."

ते दुपट्ट्याच्या काठावर वाकले. मग इतके हसले की कंडक्टर वळून बघू लागला. "म्हंजे कोनाच्याबी गळ्यात चालते! धंदा बुडाला न माया!"

बाकीचंही तेव्हाच सांगायला हवं होतं. कल्पना माझी म्हणून सांगितली ते, आणि मी इंग्रजीत काय उत्तर दिलं ते. तोंड उघडलंही होतं. पण काकांनी माझी वही ओढून कोरं पान काढलं.

"तुयं मंग करू. पयले घरचीचं लिहून दे. विंग्रजीत."

काकू गेल्या तेव्हा मी दहावीत होते. त्याआधी रोज दुपारी भिंतीवरून त्यांनी मला काही ना काही खायला दिलं होतं. आणि पेन हातात धरल्यावर मला कळलं की मला त्यांचं नाव माहीत नाही.

"काकूंचं नाव काय, काका?"

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बायकोला त्यांनी जन्मभर "ऐकलं काय व" अशीच हाक मारली होती. ते काहीतरी पुटपुटले. एसटीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"गोपिका!"

पुढच्या बाकावरची बाई मागे वळली. काकांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. मग तिने तोंड फिरवल्यावर एकदा हळूच, माझ्यासाठी नव्हे, "गोपिका," म्हणाले.

मी अक्षरं मोठी काढली, सुटी सुटी. त्यांनी प्रत्येकावर बोट ठेवलं.

"किती झाले?"

"सहा."

"लांब हाय," ते म्हणाले. "बरं हाय. विनाले वेळ लागन."