पहिल्या पाटीचा मान

श्रीगजवदनास आणि कुलस्वामिनीस वंदन करून, ज्या वडिलांनी मातीस दैवत मानिले त्यांचे स्मरण करून, घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सर. नाव नंदन, परंतु आनंद त्या साली कोणाचे दारी आला नाही. ते समयी महाराज वृद्ध जाहले, राज्य समुद्रापासून घाटमाथ्यापलीकडे पसरले, आणि रयतेची फिर्याद हुजुरास पोहोचेतो फिर्यादी मरोन जाई आणि त्याचा नातू हात जोडून उभा राही. तेव्हा प्रधानपंतांनी विनंती केली की, एका बैलाने ही मोट ओढवत नाही, राज्याचे प्रांत करावे. महाराज बोलिले, "करा. परंतु रयत चिरू नका." मग पंतांनी प्रांत केले, प्रांताचे परगणे केले, प्रांतास सुभेदार आणि परगण्यास हवालदार नेमिले, गावचा कारभार पूर्ववत पाटलाकडे ठेविला, आणि पूर्वप्रांत व पश्चिमप्रांत यांची सीमा येळी नदी ठरविली. कागदावर रेघ ओढिली, वरी वाळू टाकिली, शाई सुकली आणि काम फत्ते जाहले.

आता त्या येळीचे दोहों तीरी पिंपरकुंड म्हणोन एकच गाव होते. ऐलतीरी पाटलाचे थोरले घर आणि कुणबी, पैलतीरी धाकटे घर आणि माळी, कुंभार, आणि मध्ये दगडमातीचा बंधारा, त्याचे पाट दोहोंकडे वाहत. पावसाळ्यात नदी बंधारा फोडी आणि दिवाळी सरताच गाव तो बांधी. रिवाज ऐसा की, मातीची पहिली पाटी पाटलाने टाकावी, मग घरटी एक माणसाने हात लावावा. मानाची पाटी पडल्यावाचून कोणी ढेकूळ उचलू नये. पाटीलकी ते समयी दर्याबाई चालवीत होत्या. पती रणी पडले, पोटी संतान नाही, म्हणोन बाईंनी गावच पोटाशी धरिले. शब्दाच्या करड्या, परंतु कोणाचे घरी चूल पेटली नाही तर बाईंस घास उतरत नसे. पैलतीरी त्यांचे धाकटे दीर हिरोजी नांदत. ते वहिनींपुढे कधी मान वर करून बोलिले नव्हते.

परंतु पूर्वप्रांतीचे सुभेदारांस पाटलावाचून गाव दिसले, आणि त्यांनी पैलतीर निराळे गाव ठरवून हिरोजीस पाटीलकीचा शेला दिला. हिरोजीने मागितला नव्हता, परंतु शेला खांद्यावर चढला तैसे मनही चढले. दिवाळी सरली, गाव बंधाऱ्यावर जमले, आणि दर्याबाईंनी पाटी उचलावी तो समोरून हिरोजी पाटी भरून आले.

बाई बोलिल्या, "भाऊजी, माझी पाटी उचलू लागायास आलात की काय?"

हिरोजी बोलिले, "वहिनी, ऐलतीरचा मान तुमचा. पैलतीरचा आता मजकडे आहे."

"पाण्याला तीर दोन असतील. बंधाऱ्याला पाटील एकच."

मग दोघांनी पाट्या खाली ठेविल्या, आणि गाव हात बांधून उभे राहिले, आणि सांज होता घरोघर गेले. वर्तमान सुभ्यांस कळले. पश्चिमेचे सुभेदार बोलिले, आमचा पाटील मागे सरला तर प्रांत मागे सरला. पूर्वेचे सुभेदारही तेच बोलिले. दोन प्रांतांचा तंटा हुजुरातच तुटावा ऐसा नवा कायदा, आणि हुजुरात जाणे ते हवालदारामार्फत, तेथून सुभेदारामार्फत. ऐसी फिर्याद पायरी पायरी चढू लागली. इकडे येळीचे पाणी वाहोन गेले, पाट कोरडे पडले, हरभरा घाट्यात येण्याआधी जळाला, आणि गुरांचे हंबरणे ऐकवेना. लोक बाईंचे पायी पडले की, पाटी टाकावी, मागाहून निवाडा होईल तो होवो. बाई बोलिल्या की, निवाड्याआधी टाकली तर ती चोरी. मी माझ्याच घरी चोरी करीत नाही.

दुसरे दिवाळीस हिरोजी भर दुपारी येळीचे गुडघाभर पाणी उतरून आले. खांद्यावर शेला नव्हता. बोलिले, "वहिनी, मी हरलो. पाटी तुम्ही टाका. पोरे मातीत कंदमुळे शोधताहेत."

बाईंचा हात पाटीकडे गेलाही. परंतु भोवती गाव पाहत होते, आणि बाईंस वाटले, उद्या म्हणतील पाटलिणीने दिराचे दान घेतले. हात मागे आला. बोलिल्या, "दिलेला मान ती भीक, भाऊजी. सरकार निवाडा करील तो माझा."

हिरोजी बोलिले, "दादा असते तर तुम्हांस हसले असते," आणि पाया पडून गेले.

त्यानंतर गाव फुटले. ऐलतीरच्या गाड्या पश्चिमेस गेल्या आणि पैलतीरच्या पूर्वेस. कुंभारांनी चाक नेले, माळ्यांनी बियाणे नेले, हिरोजी मुलखाबाहेर गेले ते पुन्हा दिसले नाहीत. बाई मात्र हलल्या नाहीत. गावात पाटील नाही ऐसे कोणी म्हणू नये, म्हणोन एकट्या राहिल्या आणि सांजेस वेशीत दिवा लावीत.

मग एके दिवशी हुजुरातून कारकून आणि डफवाला आले. रिकाम्या चावडीपुढे डफ वाजला आणि कारकुनाने निवाडा वाचिला की, महाराजांनी उभयतांचा मान राखिला. एकच पाटी भरावी, दोहों पाटलांनी दोहों बाजूंनी धरावी आणि एकसमयी टाकावी.

बाईंनी ऐकून घेतले. विचारिले, "दुसरी बाजू कोण धरील?"

कारकून बोलिला, "ते निवाड्यात लिहिले नाही, बाई."

तेव्हा बाई उठल्या, पाटी भरिली, एकटीने डोईवर घेतली, बंधाऱ्यावर जाऊन ओतिली, आणि मागे वळोन पाहिले. मागे दुसरी पाटी घेऊन कोणी उभे नव्हते. बाई तेथेच मातीशेजारी बसल्या. पावसाळा आला, येळीने ती माती नेली, आणि वेशीतला दिवाही त्याच साली विझला.

येणेप्रमाणे पिंपरकुंडचा वृत्तांत. राज्याची वाटणी उत्तम चालिली, सुभेदारांस बढती मिळाली. पुढे दोहों प्रांतांचे दप्तरी त्या गावापुढे 'बेचिराग', म्हणजे जेथे दिवाही लागत नाही ते ओसाड, ऐसा एकच शब्द लिहिला गेला. इतक्याच गोष्टीत दोहों प्रांतांचे एकमत जाहले.