वाढदिवसांची पाटी

"असं चित्र काढतो, की चंद्रावरून उतरलेला माणूससुद्धा कुणाला न विचारता संडासात पोचेल!" पाट्या रंगवणाऱ्या हार्मेननं बंदराच्या साहेबांना, डेक्करना, छाती ठोकून सांगितलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फेरीबोटींतून साऱ्या जगाची माणसं हॉलंडच्या आमच्या चिमुकल्या बंदरात उतरू लागली होती. पायघोळ झग्यातले बाप्ये आणि विजारीतल्या बायका! दारांवरच्या जुन्या बाई-बुवाच्या चित्रांवरून रोज भांडणं. हार्मेनची पाटी चालली, तर बंदरातल्या सगळ्या पाट्या रंगवायचं काम त्याचं. नाहीतर आहेतच दुकानांवर रंगवायला चीजचे गोळे!

चित्र सुचलं ते घरच्या संडासात बसल्याबसल्या. समोर भिंतीवर काय? वाढदिवसांचं कॅलेंडर! आईकडे तिथंच, आजीकडे तिथंच, पाद्रीबाबांकडेही तिथंच.

"गेर्त्ये, संडासात कॅलेंडर नाही असं घर पाहिलंयस कधी?"

"छे! मग वाढदिवस लक्षात कसे राहणार?" बायको म्हणाली. गावाबाहेर दोघं कधी गेली होती म्हणा!

जूनमधल्या एका सकाळी संडासाच्या दारावर पाटी लागली. बारा महिने, रिकाम्या ओळी, खाली बाण. बोट आली आणि पाटीसमोर ही भलीमोठी रांग!

"बघा साहेब, कसे धावताहेत!" हार्मेन हरखला.

पण रांगेतला प्रत्येक जण तिकीट नाचवत होता. परतीची तारीख बदलून घ्यायला उभे होते सगळे! आत जाऊन आलेल्या एक आजीबाई तणतणल्या, "खुर्ची आहे, साहेबाचा पत्ता नाही!"

तेवढ्यात एक तुर्की गृहस्थ आला. घामाघूम, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. 'आधी नाव लिहा,' कुणीतरी खुणेनं सांगितलं. बिचाऱ्यानं पेन काढून त्या दिवसाच्या ओळीत 'जेव्देत' असं लिहिलं आणि मुकाट्यानं रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिला.

"हार्मेन, उतरवा ती पाटी," डेक्कर म्हणाले. काम गेलं ते गेलंच.

गेर्त्येनं मात्र पाटी घरी नेऊन योग्य जागी टांगली. आता दोघंही थकली आहेत, फेरीबोटही केव्हाच बंद पडली. पण दर वर्षी जूनमधल्या त्या सकाळी गेर्त्ये संडासातूनच ओरडते (आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला, तरी अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं!), "हार्मेन, अभिनंदन! आज आपल्या जेव्देतचा वाढदिवस!"

मग सफरचंदाचा केक कापला जातो. बोटीचा भोंगा, ती रांग, ते ऊन आठवून हार्मेनचे डोळे भरून येतात. किती छान दिवस होते ते!

जेव्देतचा वाढदिवस त्या दिवशी नव्हताच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या माणसाला फक्त घाईची लागली होती.