इंजिन मागनं आलं

रविवार, ११ जानेवारी, सकाळी दहा. सोसायटीची सभा, पार्किंगमध्ये. हजर: बारापैकी नऊ घरं, त्यांत दुसऱ्या मजल्यावरचे सुभेदार आबा, सचिव मी. विषय एकच: प्रवेशद्वारावरचा नावांचा फलक नव्याने रंगवणे.

साताऱ्यात कोणी स्वतःला इंजिनिअर म्हणवलं की आबा त्याची उभ्याउभ्या परीक्षा घेतात. "इंजिनिअर म्हंजी काय, सांगा." 'मशिनं बघणारा' म्हणाला की नापास. आबा लष्करात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. तिथल्या एका साहेबाने त्यांना सांगितलं, हा शब्द रेल्वेच्या इंजिनावरून आलेला नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उपजत अक्कल. त्या अकलेने किल्ले फोडायची यंत्रं रचणारा तो इंजिनिअर.

"इंजिन मागनं आलं गड्या, अक्कल आदी!" हे मी दिवसातून दोनदा ऐकते. लिफ्टवाल्याने ऐकलंय, गॅसवाल्याने ऐकलंय. वरच्या मजल्यावर मुलगी बघायला आलेल्या मुलाला तर आबांनी पोह्यांच्या बशीसकट धरलं. तो म्हणाला, "डिग्री असते तो." आबा म्हणाले, "मग डिग्रीसंगं लगीन लाव." ते स्थळ परत आलं नाही.

तर सभेत मी नावांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या; न आलेल्या तीन घरांनी आधीच दिल्या होत्या. तिघांनी नावाआधी 'इंजि.' लिहिलं होतं. चौथी चिठ्ठी आबांची: 'इंजि. हौसाबाई शिंदे'. स्वतःचं नाव नाहीच.

त्या तिघांतला, एमआयडीसीत कामाला असलेला नीलेश हसला. "आबा, काकी चौथी शिकलेल्या."

"व्हय. आनि तू?"

"आणि त्या इथं राहिल्याही नाहीत," मी म्हणाले. आबांच्या पत्नी हौसाकाकू गावी, उंब्रजला वारल्या, त्यानंतर आबा इथे आले. "नियमाप्रमाणे राहणाऱ्यांचीच नावं."

"आवं बाई, ऐका तर. मी तिकडं सरहद्दीवर. हिकडं दारातला हापसा कोरडा पडला. आतला चामड्याचा वायसर गेलेला, मिस्त्री येईना. सुट्टीवर आलो तर माझा एक बूट फाडलेला! हिनं त्याचं चामडं कापून वायसर बसवला. मी तिकडं पूल बांधत हुतो, इंजिनिअर घरी हुती."

सगळे हसले. आबा हसले नाहीत.

"फलकावर नाव असलं तर येणारा-जाणारा कोन तरी इचारंल, ह्या कोन इंजिनिअर? मग मला सांगता यील. आता तिच्याबद्दल कोन इचारतच न्हाई."

नीलेशने सगळ्यांत आधी हात वर केला. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त लिहून झालं, सह्या झाल्या, रंगाचे डबे आले. अकरा नावं मी पेंटरला कळवली आहेत. बारावं कळवायचं राहिलंय. हौसाबाईंच्या नावाआधी 'कै.' लिहायचं का, हे आबांना विचारायचं आहे. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले.