शारजाचा जपानी ड्रम

मला राग फार लवकर येतो, असं आमची बायको शिवलीला म्हणते. (ती असं म्हणाली रे म्हणाली, की मला लगेच राग येतो.) पण मी म्हणतो, का येऊ नये?

सासऱ्यांची जुनी जपानी गाडी मी दोन दिवस मिरवायला म्हणून कोल्हापूरला आणली आणि तिचा ब्रेक ड्रम तडकला. दसऱ्याला कागलात मेहुणीचा, सुष्मिताचा, साखरपुडा. नवऱ्याकडची मंडळी याच गाडीतून यायची होती. "गाडी टकाटक करून आणतो," असं मी सगळ्या सोयऱ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं.

मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत डिस्पॅच क्लार्क आहे. आमच्याकडे ब्रेक ड्रमच ओततात. मालक सयाजीराव म्हणाले, "वीरेश, आपलाच बसव की. त्या गाडीचा माल बी करतोय आपण."

माझं डोकं फिरलं. या माणसाकडे बोनस मागितला, तर त्यानं खिशावर गदा शिवलेले शर्ट वाटले. गदा म्हणजे आमच्या फौंड्रीची खूण. रोज तो शर्ट घालून परदेशी जाणाऱ्या पेट्यांना खिळे मारणारा मी, आणि वर ड्रमही याचाच बसवू? त्या तिरमिरीतच मी कागलच्या पंगतीत जाहीर केलं, "आमच्या फौंड्रीचा ड्रम बसवण्यापेक्षा गाडीला बैल जुंपा!" सासरे रुद्राप्पा इतके खूष झाले की त्यांनी मला आग्रहानं आणखी दोन पोळ्या वाढायला लावल्या.

मग गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींनी रस्ता दाखवला. "पावणं, आमचा भाचा उजैर शारजात हाय. जपानी गाड्यांचा बाजारच हाय तिथं. जुना पाहिजे का नवा?"

"नवा! डब्यातला! जपानी!"

"वरडू नका की. मी हितंच हाय."

त्यानंतर एसटीडी बूथवाला मला बघितलं की कानात बोटं घालायचा.

"उजैरभाई, ड्रम कुठाय?"

"निघाला की भाईसाब. बोटीत हाय."

"कुठल्या बोटीत?"

"पाण्यातल्या!"

मी फोन आपटला. बूथवाल्यानं फोनचेही पैसे मागितले.

शेवटी ऐन खंडेनवमीला खोकं आलं. त्यावर कावळ्यानं पाय उमटवावेत तशी जपानी अक्षरं. आत काळ्याकुट्ट ग्रीसनं माखलेला ड्रम. मी तो गल्लीत घरोघरी दाखवून आलो. "बघा, याला म्हणतात फिनिशिंग! आमच्यातल्या गाढवांना जन्मात जमायचं नाही!" आणि तसाच गॅरेजकडे निघालो, तर शिवलीला आडवी आली.

"खंडेनवमी हाय आज. लोखंड पुजल्याबिगर गाडीला लावायचं न्हाय."

"अगं, जपानी लोखंड आहे ते!"

"मग त्येला काय इभूती चालत न्हाय व्हय?"

तिनं ड्रम मोरीत नेला आणि रॉकेल ओतून काथ्यानं खसाखसा घासायला घेतला. मी बाहेर उभा राहून ओरडत होतो. ओरखडे पडतील, पॉलिश जाईल, बायकांना मशिनरीतलं काय कळतं. एकाएकी आतला आवाज थांबला. शिवलीला पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या छातीकडे टक लावून बघायला लागली.

"काय झालं?"

"जरा सरळ हुबं ऱ्हावा. खिसा बघू दे."

खिसा बघून ती परत आत गेली आणि मोरीतच खाली बसून हसायला लागली. मी धावलो. काळं निघालं होतं आणि ड्रमच्या पोटात, ओतीव लोखंडात, ठसठशीत गदा उठली होती.

म्हणजे हा ड्रम मीच पेटीत घातला, मीच खिळे ठोकले, मीच शारजाला पाठवला, तिथं तो जपानी खोक्यात शिरला आणि मीच शंख करून परत मागवला. इतका संताप झाला, पण काढणार कुणावर? सगळीकडे मीच होतो.

दुसरा मागवायला वेळ नव्हता. तोच बसवला. (बसला. हूं की चूं न करता.)

दसऱ्याला सासऱ्यांनी व्याह्यांना गाडीत घेतलं, हायवेवर पळवली आणि कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी!

"बघिटलासा? जपान! आमच्या पावण्यांच्या फौंड्रीचा असता, तर आत्ता दूधगंगेत असतो आपण!"

व्याही खदाखदा हसले. आणि काय सांगू, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टीपुढं उभं राहून आमची माणसं भाजून निघतात आणि नाव जपानचं? ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडलं असतं तर जपान गेला असता आणि जपानबरोबर मीही. शेजारी शिवलीला तोंडात पदर कोंबून बसली होती.

उतरताना सासरे म्हणाले, "वीरेश पावणं, दुसऱ्या चाकाचा बी शारजासनंच मागवा. हलका माल नको."

सोमवारी फौंड्रीत शारजाची पेटी भरायला घेतली. त्यातला एक चांगला ड्रम निवडला, फडक्यानं पुसला आणि आतल्या गदेवर कानशीनं सपासप घासलं. सयाजीराव मागं येऊन कधी उभे राहिले, कळलंच नाही.

"काय चाललंय रं?"

"काही नाही साहेब," मी म्हणालो, "सासऱ्यांसाठी जपानी करतोय."