श्वास मोजायला लावणारे टेंबेकाका

टेंबेकाकांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. समोरच्याला मोजायला लावतात.

आम्ही इंदूरच्या मल्हारगंजात राहायला आलो त्या सकाळी सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडकला. मी गादी डोक्यावर घेऊन जिना चढत होतो. वरच्या पायरीवर पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा आणि भर एप्रिलात गळ्यात मफलर अशा वेशात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. मी गादीखालूनच नमस्कार म्हणालो.

‘‘गादी खाली ठेवा,’’ ते म्हणाले. ‘‘मोठा श्वास घ्या आणि जोराने एक, दोन, तीन मोजत जा. दुसरा श्वास घेतला की आऊट.’’

माणूस नव्या गावात पहिल्या दिवशी काहीही करतो. मी छत्तीसपर्यंत गेलो.

‘‘जिना चढून छत्तीस. बढिया. मी टेंबे, समोरच राहतो.’’ खिशातून छोटी वही काढून त्यांनी आकडा लिहिला आणि गादीचं दुसरं टोक धरलं. घरमालकाने भाडेकरूंसाठी काही तपासणी ठेवली असेल, अशी माझी समजूत झाली होती.

पुढे कळलं की सगळी गल्लीच त्या वहीत आहे. दूधवाला, कोपऱ्यावरचा शिंपी, पोस्टातल्या बाई. निवडणुकीत मतं मागायला आलेल्या उमेदवार बाईंनाही काकांनी दारात मोजायला लावलं. त्या चव्वेचाळीसपर्यंत गेल्या. ‘‘भाषणाची प्रॅक्टिस आहे,’’ काका आदराने म्हणाले. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. दर रविवारी तो व्हिडिओवर दिसला की आधी मोजणी, मग ख्यालीखुशाली. सून त्या वेळी कॅमेऱ्यासमोरून नाहीशी होते, असं काकांनीच सांगितलं आणि वर म्हणाले, ‘‘बत्तीसच्या वर जात नाही ना, म्हणून लाजते.’’

मी जळगावचा. नोकरीसाठी इंदूरला आलो, शहराबाहेर सिमरोलच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात. काकांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांचा ‘जळगाववाले’. त्यांची मराठी अस्सल इंदुरी. ‘काय करून राहिले, भिया?’ असं ते विचारायचे आणि आपण जे काही करून राहिलो असू त्यात त्यांना धूर सापडायचा. उदबत्ती लावली तरी सापडायचा. कुणी वाळली पानं पेटवली की काका पाण्याची बादली घेऊन हजर. विझवून झाल्यावर ते पेटवणाऱ्यालाच मोजायला लावत. शहर स्वच्छतेत पहिलं आल्याचा त्यांना कोण अभिमान! पण कुणी तसं म्हटलं की ते लगेच म्हणत, ‘‘कचरा दिसतो म्हणून उचलला. हवा दिसत नाही, तिच्यासाठी नाक आहे. देवाने नाक काही फक्त चष्मा ठेवायला नाही दिलं.’’

पहिलं वर्ष मी हे सगळं ऑफिसात गंमत म्हणून सांगत होतो.

दुसऱ्या हिवाळ्यात मला खोकला धरला. पहाटे सुरू व्हायचा आणि ऑफिसची बस येईपर्यंत चालायचा. सुनीता, माझी बायको, डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागली. मी थंडीवर ढकललं. इंदूरची थंडी जळगावच्या माणसाला बाधणारच. जिना चढताना मध्ये थांबायला लागलो, तेव्हा वजनावर ढकललं. काका मधूनमधून मोजणी घेत होतेच. छत्तीसचे एकोणतीस झाले. जानेवारीत एका सकाळी मी एकवीसवर अडकलो आणि कठडा धरून खोकत राहिलो. काकांनी वही उघडली, बघितली आणि काही न लिहिताच मिटली. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या मिटलेल्या वहीची.

त्यांनी एकच विचारलं. सिमरोलला खोकता का? मी आठवून बघितलं. दुपारनंतर खोकला नसायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र दिवसभर असायचा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेंबेकाका माझ्या टेबलासमोर उभे. सिटी बस बदलत बदलत आले होते, सोबत डबा. सगळ्यांच्या देखत त्यांनी मला मोजायला लावलं. अठ्ठावीस झाले. गडबड ऐकून आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले. काकांनी त्यांनाही सोडलं नाही. साहेब एकोणिसावर थांबले, मग माझी डॉक्टरसाठीची रजा मंजूर केली आणि स्वतःचाही अर्ज लिहायला बसले.

‘‘घरी एकवीस, इथे अठ्ठावीस,’’ परतीच्या बसमध्ये काका म्हणाले. ‘‘म्हणजे चोर घरात आहे.’’

चोर पकडायला ते पहाटे साडेपाचला आमच्याकडे आले. सुनीताने चहा केला. काकांनी एक पांढरा रुमाल ओला करून आमच्या झोपण्याच्या खोलीच्या मागच्या खिडकीला बांधला आणि समोर स्टूल टाकून बसले. सहाच्या आत खाली गेंदालालजींची भट्टी पेटली. गेंदालालजी म्हणजे आमच्या गल्लीचे कचोरीवाले. दुकानाचं तोंड रस्त्याकडे, पण भट्टी मागच्या बोळात, बरोबर आमच्या खिडकीखाली. दगडी कोळशाचा धूर सरळ वर यायचा आणि आत शिरायचा. आम्ही झोपेत असायचो आणि जाग यायची तेव्हा कचोरीचा वास सुटलेला असायचा. मला तर तो वास म्हणजे या घराची एक सोय वाटत होती. सात वाजता काकांनी रुमाल सोडून सुनीताच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्यासमोर धरला. राख पुसलेल्या फडक्यासारखा झाला होता.

मग काका गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखालून मच्छरांची कॉइल काढली. मागची एक खिडकी सोडून बाकी दारंखिडक्या लावून आम्ही ती रोज जाळत होतो. ‘‘रात्री हिचा धूर, पहाटे त्याचा,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही घरात नाही, चिमणीत राहून राहिले आहात.’’ संध्याकाळी ते मच्छरदाणी घेऊन आले, भिंतीत चार खिळे स्वतः ठोकले आणि कॉइलचं पाकीट घेऊन गेले.

छातीच्या डॉक्टरांकडेही तेच घेऊन गेले. डॉक्टरांनी मला यंत्रात फुंकायला लावलं, छाती तपासली आणि दम्याची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. धूर चालू राहिला असता तर वर्षा-दोन वर्षांत गोष्ट हाताबाहेर गेली असती. आत्ता आलात, बरं झालं. घरात धूर कुठून येतो, कोण सिगरेट ओढतं, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काका देत होते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही यांचे वडील का?

‘‘नाही, शेजारी,’’ काका म्हणाले. ‘‘पण हवा आमची कॉमन आहे.’’

औषधाचा पंप सुरू झाला, खिडकी तात्पुरती बंद झाली. राहिली भट्टी. गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता टेंबेकाका भांडणार, तक्रार करणार. काकांनी तसं काही केलं नाही. तीस वर्षं रोज सकाळी दोन कचोऱ्या खाणारा तो माणूस, त्यांनी कचोरी सोडली. पण दुकानात जाणं सोडलं नाही. ठरल्या वेळी जायचे, बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि घरी यायचे. गेंदालालजींना ते फार लागलं. आठव्या दिवशी त्यांनी हात जोडून विचारलं, बाबूजी, माझ्याकडून काय चुकलं?

मी तिथेच होतो. काकांनी त्यांना मोजायला सांगितलं. त्या दिवसापर्यंत गेंदालालजींचं नाव वहीत नव्हतं, कारण सकाळी त्यांना कधी सवडच नसायची. त्यांनी हसत हसत सुरुवात केली. चौदावर श्वास संपला. पुन्हा केलं, तेरा. मग हसू गेलं. हातातला झारा परातीत ठेवून ते बाकावर बसले.

काका त्यांच्याशी हिंदीत, अगदी हळू बोलले. ‘‘गेंदालाल, जळगाववाले के घर में तो धुआँ दो घंटे आता है। तू तीस साल से उसी में खड़ा है।’’

महिनाभरात भट्टी गेली. गॅसची शेगडी आली, वर पत्र्याचं धुराडं छपरापलीकडे नेलं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की पहिल्यासारखी चव राहिली नाही. तेव्हा काका गर्दीच्या वेळी दुकानात गेले, दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की पहिल्यापेक्षा चांगल्या झाल्यात. कुरकुर थांबली. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, ‘‘ती मजा नाही आता. पण कुणाला सांगू नका.’’

मी आता चौतीसपर्यंत जातो. पंप महिन्यातून एखाद्या वेळी लागतो. परवा सुनीता म्हणाली, गाव सोडून आलो तेव्हा आईला काळजी होती की परक्या शहरात आजारपणात कोण बघणार. आम्हाला आजारी आहोत हे कळायच्या आधीच बघणारा माणूस समोर राहत होता, हे आईला कसं समजवायचं, असं ती म्हणाली. मलाही ते नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हती. दर सोमवारी दुपारी काका दोन तास कुठेतरी जात. विचारलं तर ‘काम आहे’ इतकंच. गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा सुजला. सोमवारी मला सुट्टी होती. ते दारात आले आणि स्कूटरवर सोडाल का, असं विचारताना इतके संकोचले की मला वाटलं, भलतंच काही मागतात.

परदेशीपुऱ्याच्या बाजूला जायचं होतं, पूर्वी मिलचे कामगार राहायचे तिकडे. वाटेत एका झाडाखाली त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली आणि न विचारता बोलू लागले. ते मिलमध्ये टाइमकीपर होते, सूतकताई खात्यात, हे मला माहीत होतं. त्या खात्यात कापसाची धूळ अशी उडायची की समोरचा माणूस धुक्यात असल्यासारखा दिसे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी माणसं छाती धरून यायची. कुणी उशिरा येई, कुणी मध्येच खाली बसे. सगळे म्हणायचे, रविवारची उतरली नाही अजून. टेंबेबाबू हजेरीत लाल शाईने खूण करायचे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी कापली जायची. भागीरथ नावाचा एक कामगार होता, तो कधीच पीत नसे. त्याने सांगितलं, बाबूजी, सोमवारी छाती आवळते, श्वास येत नाही.

‘‘मी खरं-खोटं बघायला त्याचं तोंड हुंगलं, भिया,’’ काका म्हणाले. ‘‘हवा नाही हुंगली. दारूचा वास नव्हता, तरी लाल खूण केली. साहेबांना लाल खुणा लागायच्या. खूप वर्षांनी एका डॉक्टरने सांगितलं, सुट्टीनंतर पुन्हा धुळीत आलं की छाती तशीच आवळते. कापसाचा आजार आहे तो.’’

मी स्कूटर सुरू केली.

भागीरथजी एका खोलीत खाटेवर, उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, खाली ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. मुलगी आत स्वयंपाक करत होती. काकांना बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी विसरणार नाही. बोलायचं म्हणजे श्वास खर्च होतो, म्हणून ते बोलत नाहीत. म्हणून दोघांचंही काकाच बोलतात. स्टूल ओढून बसले आणि सुरू झाले. पावसाचं सांगितलं, मग स्वतःच आवाज बदलून भागीरथजींच्या वतीने म्हणाले, ‘‘बाबूजी, आप तो हर साल यही कहते हो।’’ मग आपल्या आवाजात त्यावर भांडले. मिलमधला कुठलासा जुना किस्सा निघाला. त्यात काकांनी स्वतःला जरा शहाणं ठरवलं, तसं भागीरथजींनी एक बोट वर केलं. काका थांबले आणि म्हाताऱ्याच्या आवाजात स्वतःलाच म्हणाले, ‘‘झूठ मत बोलो, टेंबेबाबू।’’ भागीरथजी आवाज न करता हसले, खांदे हलेपर्यंत. दोन तास हे असं चाललं. त्या खोलीत एकच माणूस बोलत होता हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

निघताना काका आतल्या खोलीत मुलीला औषधांचं विचारायला गेले. भागीरथजींनी मला हाताने जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांनी डोळे मिटून दोनदा श्वास ओढला, साठवला आणि म्हणाले,

‘‘घर में... अकेले हैं ये। खयाल... रखना।’’

एवढं बोलून ते मागे टेकले आणि कितीतरी वेळ नुसते श्वास घेत राहिले.