तुटक्या नाकाची प्रत

नोरिताकेला घराण्याचा, तरुणीच्या चेहऱ्याचा मुखवटा हाताळायची परवानगी मिळाली ती वयाच्या छपन्नाव्या वर्षी. तीही ‘नो’ या जपानी मुखवटानाट्यातले नावाजलेले नट असलेले त्याचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून, निरुपायाने. कानाझावात ऊन दुर्मीळ. ते पडलं त्या दिवशी त्याने तीनशे वर्षांची ती लाकडी तरुणी उन्हं दाखवायला ओसरीवर आणली. कडेला फक्त बोटं लावून तिला धरलं आणि रिवाजाप्रमाणे वाकून तिला नमस्कार केला. वाकताना चष्मा घसरला आणि हात आपसूक चष्म्याकडे गेला.

चष्मा वाचला. तरुणी ओसरीच्या कडेवर आपटली, तिच्या नाकाचा टवका उडून अंगणातल्या तळ्यात पडला, आणि माशाने तो दाणा समजून गिळला.

"बाबांना सांगून टाका," बायको फुमिए म्हणाली.

"वेडी आहेस का? वसंतात मुखवटा माझ्या हवाली करणार आहेत ते. हे नाक बघितलं तर एखाद्या शिष्याला देतील, आणि मला झाडू."

त्याने मुखवटे कोरणाऱ्या इवासेकाकांना गाठलं. खरं सांगायची लाज वाटली. "हुबेहूब प्रत करा, काका. कुणाला फरक कळता कामा नये."

तीन महिने गेले. बर्फ पडलं. वडील रोज विचारत, "मुखवटा कसा आहे?"

"बरा आहे, बाबा."

"तुझ्यापेक्षा बराच असणार."

अखेर इवासेकाकांनी प्रत उलगडली. प्रत्येक ओरखडा जिथल्या तिथे होता. नाकही तितकंच तुटलेलं.

"काका, हे नाक!"

"का? कमी तुटलंय?" म्हातारा घाबरून पुढे वाकला. "जुनी जखम सोडली तर ती प्रत कसली, धाकटे मालक? तीन मुखवटे वाया गेले, तेव्हा कुठे हा टवका साधला."

नोरिताके दोन्ही मुखवटे घेऊन घरी आला. वडिलांसमोर ठेवले आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"खरा कुठला?" वडिलांनी विचारलं.

"डावा... नाही, उजवा."

"गाढवा! चाळीस वर्षं हा चेहरा लावून उभा राहिलो मी. तुला ओळखू येत नाही?"

त्यांनी एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. त्यांनी आणखी चार शिव्या द्याव्यात असं नोरिताकेला फार वाटलं. वडिलांनी दोन्ही मुखवटे डोळ्यांजवळ नेले.

"किती अंधार केलाय खोलीत," शेवटी ते म्हणाले. "दिवा लाव."

दुपारचे बारा वाजले होते, बाहेर बर्फावर लख्ख ऊन होतं. नोरिताके मुकाट्याने उठला आणि त्याने दिवा लावला.