रादोयेचा मीटर आणि आयवारची कढई

"हा मीटर फुटला ना, तर पुढच्या वर्षीचा अख्खा आयवार मी एकटा ढवळीन! नाही फुटला तर तू!" रादोयेने आपला वीज मोजायचा जुना पिवळा मल्टिमीटर भर अंगणात साडूच्या नाकासमोर नाचवला.

आयवार, ही भाजलेल्या लाल मिरच्यांची वर्षभराची चटणी, ढवळणं म्हणजे काय, ते सर्बियातल्या लेस्कोवाच गावच्या कुठल्याही नवऱ्याला विचारा. दिवसभर कढईपुढे उभं राहायचं, संध्याकाळी हात आपले राहत नाहीत! पण साडू ग्वोझ्देन, तोही वायरमनच, सकाळपासून नवा चकचकीत मीटर मिरवत होता. वर म्हणाला, "तुझं ते डबडं आता भंगारात घाल."

डबडं! रादोयेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मीटर फरशीवर आपटला. चालू! मोटारीचं चाक वरून नेलं. तरी चालू!

"आता तुझा आपट!"

"वा रे वा! माझा नवा आहे, मी कशाला आपटू? हिंमत असेल तर तिसऱ्या मजल्यावरून टाक!"

"टाकतो! घाबरतो की काय तुला!"

तो जिना चढत होता तेवढ्यात अंगणात यंदाचा आयवार शिजवत असलेल्या सासूबाई दोब्रिलांना फाटकातून वाऱ्याचा झोत लागला. "अगं बाई, मान धरली माझी! हलवा ती कढई भिंतीशी!" लेस्कोवाचात माणूस देवाशी वाद घालेल, पण वाऱ्याच्या झोताशी नाही. दोन्ही लेकींनी शेगडीसकट कढई उचलली आणि नेमकी रादोयेच्या बाल्कनीखाली ठेवली.

वर रादोये खाली कशाला बघतोय? तो ग्वोझ्देनचं तोंड बघत होता. "डोळे फाडून बघ!" म्हणाला आणि सोडला.

डुबुक!

"मेल्या, वर्षाचा आयवार!" त्याची बायको स्टामेन्का किंचाळली. डोक्यापासून पायापर्यंत लाल झाली होती बिचारी.

झाऱ्याने मीटर बाहेर काढला. आकडे लखलखीत! पण मधलं फिरवायचं बटण गायब.

"फुटला!" ग्वोझ्देन नाचला.

"गळालं फक्त! बटण सापडू दे, बसवून दाखवतो!"

कढई ढवळून ढवळून शोधलं, बटण काही सापडेना. "उकळतंय ते, काही होत नाही. भरा बरण्या!" सासूबाईंनी फर्मान काढलं. पैज लटकलीच.

हिवाळ्यात घराण्याच्या संताचा सण आला. स्लावाचं जेवण, सगळे नातेवाईक पंगतीला. सासूबाईंनी पावावर आयवार थापला, घास घेतला आणि कडाक्!

त्यांनी गाल धरला. तळहातावर नव्याने बसवलेल्या दाताचे दोन तुकडे पडले, आणि काळं बटण.

रादोये खुर्ची पाडून उठला. बटण पुसलं, खिशातल्या मीटरवर बसवलं, फिरवलं. "चालतोय! दाताचे तुकडे झाले, बटणाला ओरखडासुद्धा नाही! ग्वोझ्देन, आता ढवळ!"

"ढवळणार तुम्हीच, जावईबापू," सासूबाई गाल दाबून म्हणाल्या. "आणि उद्या दातांच्या डॉक्टरकडे मला नेणारही तुम्हीच."

"नेतो! ढवळतो! पण जिंकलो मीच!"

अख्खी पंगत आपापल्या ताटातला आयवार काट्याने उकरून बघत होती.